देवखोलला बोट थांबते

साहेबांची फियाट क्रेनने उचलली आणि ती भाऊच्या धक्क्यावर लोकांच्या डोक्यावर लोंबकळायला लागली, तेव्हा परशुरामने डोळे मिटून घेतले. रोज सकाळी ओल्या फडक्याने पुसलेली, ठाण्याजवळच्या कोलशेतच्या कारखान्याच्या फाटकातून रुबाबात आत नेलेली गाडी, आणि आता तिची चारही चाकं खाटकाकडल्या कोंबडीच्या पायांसारखी हवेत. गाडीला काही झालं असतं तर साहेब त्याला काही बोलले नसते. इतके ते सज्जन होते, आणि त्याचीच परशुरामला जास्त भीती होती.

"डोले उघर," कुणीतरी कानाशी म्हणालं. "बसली तुजी गारी डेकवर."

बघतो तर दामाजी. दामाजी कोलशेतच्या कोळीवाड्यातला, या बोटीवर खलाशी. परशुराम पूर्वी कोलशेतला गाववाल्यांच्या खोलीत राहायचा तेव्हाची ओळख. त्याने गाडीच्या चाकांना लाकडी ठोकळे लावले, दोरखंडाने ती चारी बाजूंनी जखडली आणि परशुरामला सांगितलं, की आता वादळ आलं तर बोट बुडेल, पण गाडी जागची हलायची नाही. हे ऐकून परशुरामला किती धीर आला ते विचारू नका.

काम तसं साधं होतं. साहेबांची बदली गोव्याला झालेली. घाटाच्या रस्त्याने गाडी नेली तर खिळखिळी व्हायची, म्हणून ती बोटीने पाठवायची. ड्रायव्हरने सोबत जायचं, पणजीला उतरवून घ्यायची, बंगल्यावर पोचवायची आणि परत ठाण्याला यायचं. साहेबांनी हे सांगितलं तेव्हा परशुराम नुसता "हो साहेब" म्हणाला, पण साहेबांचं पुढचं बोलणं त्याच्या कानात शिरलं नाही. कारण गोव्याची बोट रात्री देवखोल बंदरासमोर थांबते, आणि देवखोलला त्याची बायको होती.

कलावती लग्न होऊन देवखोलच्या घरात आली आणि तिथेच राहिली. परशुराम ठाण्यात. त्यात नवल काही नव्हतं, सगळ्या गावाचा तोच रिवाज. नवरे मुंबईकडे, बायका शेताकडे, आणि दोघांची गाठ गणपतीला नाहीतर शिमग्याला. ती गाठसुद्धा कसली! दिवसभर घर पाहुण्यांनी भरलेलं, रात्री आई माजघरात खोकत जागी. दोन शब्द बोलावेत तर सुट्टी संपलेली असायची. लग्नाला बरीच वर्षं झाली होती, पण सगळ्या सुट्ट्या एकापुढे एक मांडल्या तरी त्यांचा संसार फार लांबवर जात नव्हता.

आता मात्र परशुरामला ठाण्याच्या वर्तकनगरात भाड्याची खोली मिळाली होती. त्याची त्याची, एकट्याची. आत मोरी, बाहेर वाळत घालायला दोरी. खोली मिळाल्यापासून हा माणूस जरा वेडाच झाला होता. भिंतींना चुना त्यानेच लावला. स्टोव्ह आणला, कपबशा आणल्या, एक आरसा आणला. आरशासाठी भिंतीला खिळा मारायला गेला आणि हातोडी हातात तशीच राहिली. खिळा कुठे मारायचा? कला आपल्या कुठवर येते, खांद्याला की कानाला, हे त्याला आठवेना. त्याने डोळे मिटून पाहिलं, स्वतःच्या खांद्याला हात लावून पाहिलं. बायकोची उंची आठवत नाही म्हणून एक बाप्या हातोडी धरून भर दुपारी खोलीत रडला, हे चाळीत कुणाला कळलं नाही ते बरं झालं.

खोली होती, पण कलाला आणायचं कसं? आणि घोडं पेंड खात होतं ते इथेच. घरात म्हातारी आई, भागीरथी. धाकट्या भावाचं, मधुचं लग्न होऊन त्याची बायको घरात आली होती, म्हणजे आता हाताशी दुसरी सून होती. तरी आईपुढे "कलाला नेतो" एवढं म्हणायला परशुरामची जीभ रेटायची नाही. बायकोला सोबत नेणारा मुलगा म्हणजे आईला टाकणारा मुलगा, हा देवखोलचा हिशोब. गेल्या गणपतीत, निघायच्या आदल्या रात्री, त्याने अंधारात कलाला विचारलं होतं, "येशील ठाण्याला?" तिने पांघरूण सारखं केलं. मग म्हणाली, "बघू." आता कोकणात "बघू" म्हणजे काय, हे ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही.

म्हणून बोटीचं ठरलं आणि त्याने एक युक्ती काढली. शेजारचा विश्राम शिमग्याला गावी निघाला होता, त्याच्याजवळ निरोप दिला. मी अमुक दिवसाच्या बोटीने पणजीला चाललोय. गाडी सोडून मला उतरता येणार नाही. यायचं असेल तर तुझी ट्रंक घेऊन काठावरून सुटणाऱ्या पडावात बस आणि बोटीवर ये. गोव्याला गाडी देऊ आणि दोघं मिळून ठाण्याला जाऊ. आणि आली नाहीस, तर मी समजून जाईन. पुन्हा विचारणार नाही.

शेवटचं वाक्य बोलून गेल्यावर त्याला वाटलं, हे नको होतं. पण तोवर विश्रामची एसटी सुटली होती.

बोट सुटली तेव्हा ऊन चढलं होतं. डेकवर माणसांनी सतरंज्या अंथरून जागा धरल्या, भाकऱ्यांची गाठोडी सुटली, पत्ते निघाले, एका कोपऱ्यात भजन सुरू झालं. मुंबईच्या इमारती लहान होत होत धुरात गेल्या आणि डाव्या हाताला किनारा लागला, तो मग दिवसभर सोबत राहिला. परशुराम गाडीला टेकून बसला होता. लोक येऊन गाडीकडे बघायचे, मग त्याच्याकडे बघायचे. एका म्हाताऱ्याने गंभीरपणे विचारलं, "ड्रायव्हरदादा, बोट बंद पडली तर हिच्यावर नेशीला का आम्हाला?" सगळे हसले. परशुरामही हसला, पण त्याचं लक्ष नव्हतं. तो मनातल्या मनात देवखोलच्या घरात फिरत होता. आता तिने गुरं सोडली असतील. आता पाणी भरून झालं असेल. आता ट्रंक काढली असेल का? की ट्रंक माळ्यावरच असेल, आणि ती नेहमीसारखी चुलीपुढे, पाठमोरी?

पाठमोरीच आठवायची ती त्याला. एसटीत बसून मागे वळून पाहावं तर ती घराकडे वळलेली असायची. बाकीच्या बायका हात हलवत उभ्या राहायच्या, ही नाही. पूर्वी त्याला त्याचा राग यायचा. पुढे पुढे नुसता तो पदर आठवला तरी कोलशेतच्या खोलीत, सात घोरणाऱ्या गाववाल्यांमध्ये, त्याची झोप उडायची.

दुपार कलली तसा दामाजी काम आटोपून त्याच्याजवळ येऊन बसला. परशुरामला कुणाला तरी सांगायचंच होतं, त्याने सगळं सांगितलं. दामाजीने बिडी शेवटपर्यंत ओढली आणि म्हणाला, "म्हंजे सासूशी भांडान तिनं कराचं, घर तिनं सोडाचं, रातची पडावान तिनं बसाचं. नि तू कं करनार? गारीला टेकून उबा रानार."

परशुरामने गाडीच्या दारावर उगाच फडकं फिरवलं. खरं बोचतं म्हणतात ते काही खोटं नाही.

"मी उतरू कसा? गाडी..."

"गारीचं नाव कनाला घेतंस. गेल्या गनपतीला कुटं गारी होती?" दामाजी उठला. त्याच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. जाता जाता तो म्हणाला, "यल, यल ती. माजी बायकू वसईवरशी आयली, ती पन बापाला न सांगता. बायका येतान. बाप्येच घाबरतान."

सूर्य पाण्यात गेला. किनाऱ्यावर कुठेकुठे दिवे लागले, मग तेही संपले आणि नुसता काळा डोंगर बाजूने सरकत राहिला. एकेक बंदर येत होतं. बोट धक्क्याला लागायची नाहीच, कारण आत पाणी उथळ. ती बाहेरच नांगर टाकून भोंगा द्यायची, मग काठावरून कंदील हलत यायचे, पडाव बोटीला भिडायचे, आणि अंधारात एकच गलका. पुरुष खाली उतरायचे, ट्रंका खाली जायच्या, कोंबड्या आणि फणस वर यायचे. प्रत्येक बंदराला परशुराम उठून कठड्याशी जाऊन उभा राहायचा, जणू त्याची परीक्षा तिथेच होती.

एका बंदरात त्याला आपली चूक कळली. खाली पडावातल्या बायका वर पाहत ओरडत होत्या, "अहो! अहो, इकडं!" आणि वर कठड्याशी उभे असलेले सगळे नवरे एकदम खाली वाकून पाहत होते. दोन "अहो" तर भलत्याच माणसाच्या हातात गाठोडी देऊन मोकळ्या झाल्या. डेकवर हशा पिकला. परशुराम मात्र हसला नाही. त्याने बोट सांगितली होती, वार सांगितला होता, ट्रंकेचं सांगितलं होतं. पण शेकडो माणसांच्या बोटीत, अंधारात, त्याला ती शोधणार कशी, हे काही सांगितलं नव्हतं. बायको नवऱ्याचं नाव घेत नाही. कलाने लग्नात उखाण्यात घेतलं असेल, तेही बायकांच्या गलबल्यात त्याला ऐकू आलं नव्हतं. त्यानंतर तिच्या तोंडून त्याने स्वतःचं नाव कधी ऐकलेलं नव्हतं. आणि आपण तरी काय करणार? गावच्या पडावात चुलते, मामे, निम्मं गाव. त्यांच्यादेखत "कला" अशी हाक मारायची? नुसत्या विचारानेच त्याचे कान तापले.

"मी शिडीपाशीच उभा राहतो," त्याने दामाजीला सांगितलं. "वर येणारं प्रत्येक माणूस बघतो. चुकायची नाही."

देवखोलचा भोंगा झाला. डोंगराचा आकार ओळखीचा, त्याच्या पायथ्याशी देवळाचा एकच दिवा. परशुरामने केस नीट केले, सदऱ्याची वरची गुंडी लावली. कंदील निघाले. दोन मोठे पडाव अंधारातून वर आले, शिडी खाली गेली. पहिल्या पडावातून आंब्याच्या रोपांच्या टोपल्या वर आल्या, एक पोलीस आला, लेकुरवाळी बाई आली. दुसऱ्यातून त्याच्या ओळखीचा शिवराम शिंपी आला, मग कुणाचा तरी आजारी बाप पाठीवरून आला. परशुरामने खाली वाकून पडावातले चेहरे एकेक करून पाहिले. कंदिलाच्या उजेडात पाहिले आणि उजेडाबाहेरचेही पाहिले.

"काका, आमच्या घरचं कोण..." त्याने शिवरामला विचारलं.

"तुमच्या घरचं? नाही बाबा. विश्राम काठावर होता खरा. पडावात नाही बसला."

पडाव सुटले. शिडी वर आली. दामाजीने परशुरामच्या पाठीवर हात ठेवला आणि तो नांगराच्या साखळीकडे निघून गेला. साखळी खडखडत वर यायला लागली.

परशुराम गाडीपाशी आला. दार उघडून आत बसला, स्टिअरिंगवर हात ठेवले आणि काचा वर केल्या. नाही आली. बरोबरच आहे, का म्हणून येईल? तिने कशासाठी घर सोडावं, एका सुट्टीतल्या माणसासाठी? "पुन्हा विचारणार नाही" म्हणालास ना, आता नको विचारू. आपणच आपल्या हाताने पायावर धोंडा पाडून घेतला. चुना लावलेली ती पांढरी खोली त्याच्या डोळ्यांपुढे आली, आणि त्या खोलीत आपण परत जाऊच शकत नाही असं त्याला वाटलं. त्याला ती हवी होती. तिच्या पाठमोऱ्या पदरासकट, तिच्या त्या "बघू"सकट हवी होती, आणि हे त्याने आजवर तिला कधी सांगितलं नव्हतं.

काचेवर थाप पडली. दामाजी होता. "भायेर ये. कोनतरी हाका मारतंय तुला."

तो बाहेर आला. यंत्रं सुरू झाली होती, डेक थरथरत होता. बोटीच्या मागच्या बाजूने, जिकडे कुणी पाहत नव्हतं तिकडून, पाण्यावरून आवाज येत होता.

"परशुराम!"

बाईचा आवाज. परशुराम गोंधळला. आई त्याला परश्या म्हणायची, गावातल्या बाकीच्या बायका ड्रायव्हर म्हणायच्या. असं पूर्ण नाव घेऊन, अनोळखी आवाजात, ही कोण हाक मारते? तो कठड्याशी गेला. खाली बऱ्याच अंतरावर एक छोटी होडी होती. विश्राम जीव तोडून वल्हवत होता. होडीत एक बाई उभी होती, एका हातात कंदील, दुसरा हात तोंडाशी.

"परशुराम!"

बोट वळायला लागली होती. डेकवरचं भजन थांबलं. पत्ते खेळणारे उठून उभे राहिले. सगळी कोकणातली माणसं, कुणाला काही समजावून सांगावं लागलं नाही. एक म्हातारी हळूच म्हणाली, "बायको आहे रे त्याची. नाव घेतलंन तिनं."

तेव्हा परशुरामला तो आवाज ओळखू आला. अंधारात "बघू" म्हणणारा, चुलीशी पुटपुटणारा, त्याने कधी मोठ्याने न ऐकलेला आवाज. तो सबंध समुद्रावर त्याचं नाव घेऊन ओरडत होता.

"परशुराम, मी येतेय! परतीच्या बोटीला येतेय! आईंना सांगितलंय!"

त्याला खूप काही बोलायचं होतं. थांब म्हणायचं होतं, ये म्हणायचं होतं, तिचं नाव घ्यायचं होतं. यातलं काहीच तोंडातून येईना. मागून कुणीतरी त्याला ढोसलं, "अरे, ओ दे की तिला."

"ओ!" परशुराम ओरडला. शाळेत मास्तर नाव घेत तेव्हा देत असे तशी, छाती फाटेस्तोवर. "ओ! ओ!"

कंदील एकदा वर गेला, मग लहान होत गेला. या वेळी ती वळून गेली नाही. दिसेनाशी होईपर्यंत उजेड जागच्या जागी होता.

दामाजीने कप्तानाला विचारून पाहिलं होतं, पण भरतीची वेळ चुकली असती, म्हणून बोट थांबली नाही. परशुराम उरलेली रात्र कठड्याशी उभा होता. साहेबांच्या गाडीवर खारं पाणी उडत होतं आणि ते पुसायचं त्याला सुचलं नाही.

पणजीला गाडी बंगल्यावर पोचवून, चहासुद्धा न घेता, तो परतीच्या बोटीत बसला. देवखोलला पहिल्याच पडावात ती होती. ट्रंकेवर बसलेली, शेजारी मधु, आणि कोपऱ्यात तोंड फिरवून भागीरथीसुद्धा. सुनेशी दोन दिवस अबोला धरून म्हातारी तिला सोडायला मात्र पाण्यापर्यंत आली होती. त्या रात्री उशीर झाला तो तिच्यामुळेच. कला तिच्या पाया पडून "मी जाते" म्हणाली, आणि म्हातारी उंबऱ्यात बसून राहिली. तिला ओलांडून जायचं नाही म्हणून कलाही समोर बसून राहिली. अखेर भोंगा झाला तेव्हा म्हातारी उठून बाजूला झाली.

शिडीवरून वर येताना कला परशुरामला पहिलं वाक्य बोलली ते असं: "अहो, ट्रंक धरा, बघताय काय."

तेव्हापासून "अहो" ते "अहो"च. वर्तकनगरात ती बघता बघता ठाणेकर झाली. नळावर भांडायला शिकली, भाजीवाल्याशी हिंदीत घासाघीस करायला शिकली. दोन मुलं झाली. मुलांना, दूधवाल्याला, वरच्या मजल्यावरच्या मारुतीला, सगळ्यांना ती खिडकीतून नावाने हाका मारायची, साऱ्या आळीला ऐकू जातील अशा. एकाच माणसाला नाही.

आणि परशुरामला तर तीच एक हाक हवी होती. ती रोज समोर होती, त्याच्या ताटात वाढत होती, त्याच्या उशाशी झोपत होती, तरी पाण्यावरून आलेल्या त्या आवाजासाठी तो झुरत होता. कुणाला सांगितलं असतं तर हसले असते. कधी कधी तो मुद्दाम गॅलरीत पाठ करून उभा राहायचा आणि तिच्या "अहो"कडे कानाडोळा करायचा. ती चार वेळा "अहो" म्हणायची, पाचव्या वेळी येऊन खांद्याला उलथनं लावायची. पुढे गोव्याची बोटही बंद पडली. दामाजी घरी बसला. परशुरामच्या केसांत पांढरं आलं.

एका संध्याकाळी मुलं बाहेर गेलेली, कला तांदूळ निवडत होती. त्याने धीर केला. इतक्या वर्षांनी, पहिल्यांदाच.

"कला," तो म्हणाला, "एकदा हाक मार ना. त्या रात्री मारलीस तशी."

ती लाजेल, हसेल, नाहीतर चिडेल असं त्याला वाटलं होतं. तिने सुपातले खडे वेचून बाजूला ठेवले आणि त्याच्याकडे पाहिलं.

"तेव्हा बोट चालली होती," ती म्हणाली. "आता तुम्ही कुठं चाललाय?"